तुतीची हजामत

आमचे हे शिडीवरून कसे पडले ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग ओशाळून विचारतात, "फार लागलं का हो?" मी म्हणते, हसा खुशाल. मीसुद्धा हसले होते. फक्त त्यांचे हातपाय चाचपून झाल्यावर हसले, एवढंच.

यांनी सगळं आयुष्य लोकांचे केस कापण्यात घालवलं. बाजाराच्या कोपऱ्यावर आमचं सलून आहे, आता लेक चालवते. यांची एक सवय होती. थोडे केस कापले की मागे सरकायचं, मान वाकडी करायची, एक डोळा बारीक करून गिऱ्हाइकाच्या डोक्याकडे बघायचं आणि मग पुन्हा पुढे जायचं. खुर्चीमागची फरशी यांच्या टाचांनी घासून गुळगुळीत झाली आहे. काम संपलं की हातातला आरसा डोक्यामागे धरून विचारायचं, "मागून बघा, ठीक आहे?" गिऱ्हाईक बिचारं ठीकच म्हणतं. स्वतःचं मागचं डोकं कुणी पाहिलंय?

तर गेल्या छाटणीला हे अंगणातल्या तुतीला शिडी लावून वर चढले. अगदी वर. हातकरवतीनं एक फांदी कापली, तिच्या शेजारची डहाळी कापली, आणि काम कसं दिसतंय ते बघायला मागे सरकले.

मागे काय असणार? हवा!

नशीब, खाली कापलेल्या फांद्यांचा ढीग होता. हे त्यात उताणे पडले, हातात करवत तशीच वर धरलेली, आणि पडल्या पडल्या मान वाकडी करून झाडाकडे बघत म्हणतात, "डावीकडे अजून थोडं काढायला हवं." मी स्वयंपाकघरातून धावत आले होते. कपाळाला हात लावू की यांना उचलू, तेच कळेना. शेजारची सिस्टर कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारून आली, खांदा दाबून बघितला, मुका मार आहे म्हणाली, आणि मग तीही तोंड फिरवून हसली.

सिस्टर म्हणजे आमची शेजारीण. इस्पितळात नर्स आहे, सगळी गल्ली तिला सिस्टरच म्हणते. तुतीशी खरं भांडण तिचं असायला हवं. झाड आमचं, पण अर्ध्या फांद्या तिच्या कपड्यांच्या दोरीवर. वेळेत छाटलं नाही की फळं पिकतात, टपटप खाली पडतात आणि हिच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशावर जांभळे डाग. "ताई," ती मला म्हणते, "वॉर्डात विचारतात, सिस्टर, आज कुणाला भोसकून आलात?" पण कधी वाकडं बोलली नाही. दुसरी कुणी असती तर भिंतीवरून भांडी फेकली असती.

यंदा पुन्हा छाटणीची वेळ आली. झाडाला कोंब फुटायला लागले आणि घरात कुरबूर सुरू झाली.

लेकीनं आधीच निकाल देऊन टाकला होता. "बाबा, शिडी बंद." रंगकाम करायचंय असं सांगून तिनं शिडी सलूनमध्ये नेली. रंग कसला आणि काय कसलं, शिडीवर टॉवेल वाळत घातलेले असतात. मग म्हणाली, "लांब दांड्याची करवत मिळते, पोल सॉ म्हणतात. जमिनीवर उभं राहायचं, दांडा वर करायचा, टोकाला पातं असतं. घेऊन टाका एक."

"लांबून कापायचं?" हे म्हणाले. "मग असं कर. गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे बसव आणि तू इकडून त्याची दाढी कर."

"बाबा, ते झाड आहे."

"झाड झालं म्हणून काय झालं? डाव्या हातानं धरल्याशिवाय उजव्या हातानं कापायचं नाही, हे तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं."

मी म्हटलं, मग माणूस लावू या. झाडं तोडणारे येतात, कुऱ्हाड घेऊन चढतात, तासात मोकळे. त्यावर यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी यांना घरातून काढायला निघाले होते. "ते लोक हजामत करतात का? चकोट करून जातात! पार बोडकं! मागच्या गल्लीतलं झाड बघितलंस? खांबासारखं उभं आहे बिचारं."

आता खरं सांगायचं तर मला कळत होतं. सलून लेकीच्या हाती दिल्यापासून यांच्याकडे कापायला एकच डोकं उरलं होतं, आणि ते अंगणात उभं होतं. वर्षभर यांचं त्याच्याशी चालायचं. सकाळी चहा झाला की झाडाभोवती फेरी, खालून वर बघणं, "या बाजूला दाट झालीस गं" वगैरे. छाटताना तर मी माझ्या कानांनी ऐकलंय, फांदी धरून म्हणतात, "मान जरा खाली." मी चिडवायची, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, आणि आमचा तुतीला लावतो." हे म्हणायचे, "तुती निदान मध्ये बोलत नाही."

तर माझी पंचाईत ही अशी. झाड यांच्याकडून काढून घेता येत नव्हतं आणि यांना झाडावर चढू देता येत नव्हतं. रात्री डोळा लागता लागता मला तो आवाज यायचा, फांद्यांवर माणूस पडल्याचा. पुढच्या वेळी खाली ढीग नसला तर? खाली फरशी असली तर? मला नवरा हवा होता. तुती छाटली काय न छाटली काय, माझं काही अडलेलं नव्हतं.

म्हणून मी करवतीमागे हात धुऊन लागले. सकाळी करवत, संध्याकाळी करवत. पण पालथ्या घड्यावर पाणी. लांब दांड्याला तोल नसतो, लांबून फांदीची नस कळत नाही, अॅल्युमिनियम उन्हात तापतं, पातं गंजतं. रोज नवं कारण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी लग्न करून घरात आणलाय.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्या घरात कुणी बोलत नाही. यांचा उजवा हात हलतो. फार नाही. झोपलेत तर हलत नाही, हातात काही जड असलं तर हलत नाही, पण कात्री, चमचा, कप असं काही धरलं की बारीक बारीक थरथरतो. सलून सोडलं तेव्हा हे सगळ्यांना म्हणाले, उभं राहून गुडघे दुखतात. गुडघे! बाजाराला जाताना मला धावावं लागतं यांच्यामागे. मी काही बोलले नाही. सिस्टरला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, "ताई, मी बघतेय कधीची. वयानं होतं असं काहींना, जिवाला धोका नाही. पण डॉक्टरांना दाखवून घ्या." हे दाखवून आले, एकटे, मला न सांगता. गोळ्यांची पुडी मला टोपीच्या खोक्यात सापडली आणि मी ती होती तशी ठेवून दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, राहू दे. त्या दिवसापासून मी यांचा चहाचा कप अर्धाच भरायला लागले, म्हणजे सांडणार नाही. आणि थोड्या वेळानं विचारायचं, "अजून घेणार?" की उरलेला अर्धा. एवढंच माझं औषध.

पण हात आणि करवत यांचा काही संबंध असेल हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मला वाटलं, नुसता हट्ट आहे.

एका सकाळी यांना दळणाच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि वाटेत हार्डवेअरच्या दुकानात वळवलं. त्या दुकानात मान वर करून बघावं तर सगळं टांगलेलं. बादल्या, चाळण्या, पत्र्याचे डबे, झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या. दुकानदार भारी बोलघेवडा. मी पोल सॉ म्हणायचा अवकाश, त्यानं पिवळ्या दांड्याची एक करवत काढली, खटका उघडून दांडा सरसर लांब केला आणि आधी माझ्याच हातात दिला. "धरा काकू. वजन सांगा." मी धरला. हलका होता हो! आमचा कोळिष्टकं काढायचा झाडू त्याहून जड असेल.

"आता काका, तुम्ही बघा."

यांनी खिशातून हात काढला. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि टोक वर केलं.

हातात जे एवढंसं असतं ते दांड्याच्या टोकापर्यंत जाताना केवढं होतं, ते मी तेव्हा बघितलं. वर ते पातं थुईथुई नाचायला लागलं. एका बादलीला लागलं, टण. बादली झुलून शेजारच्या झारीवर, झारी चाळणीवर. सगळं दुकान वाजायला लागलं. खिळे घ्यायला आलेली दोन माणसं वळून वर बघायला लागली. दुकानदार हसत ओरडला, "काका, माझं दुकान छाटू नका!"

"बोजड आहे," हे म्हणाले. "तोल नाही याला."

आणि मी, जिभेला हाड नसलेली बाई, सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!"

दुकान हसलं. हे हसले नाहीत. रागावलेही नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. दांडा हळूच काउंटरवर आडवा ठेवला, उजवा हात खिशात घातला आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिडीवर फांदी जवळ असते. डाव्या हातानं ती घट्ट धरायची, उजव्या हातातली करवत तिच्यावर टेकवायची, मग हात हलला काय न हलला काय, कुणाला दिसत नाही. आणि ही लांब करवत म्हणजे यांच्या हाताची गोष्ट उंच नेऊन अख्ख्या गल्लीला दाखवणार. तोल, नस, गंज, सगळी थापेबाजी. हे मरणाला भीत नव्हते, सिस्टरच्या खिडकीला भीत होते. मला इतकं वाईट वाटलं की दुकानदाराशी एक शब्द न बोलता मी बाहेर आले.

तसेच घरी आलो. दळण घ्यायचं राहिलं ते राहिलंच. आमच्यात माफी वगैरे मागायची पद्धत नाही, तशी वेळ आली की मी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त ठेवते. ठेवली. यांनी खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये टॉवेल पोचवायला गेले. परत आले तर फाटक आतून लावलेलं. पलीकडे खुडबुड. फटीतून बघते तर काय! जेवणाचं टेबल अंगणात, टेबलावर स्वयंपाकघरातलं स्टूल आणि स्टुलावर आमचे हे, तोंडात करवत धरलेली, फांदीला लोंबकळायच्या बेतात.

"अहो!"

"दार लावलेलं आहे," करवत तोंडातून काढून हे म्हणाले. "ओरडू नकोस, मी हललो तर पडेन."

आता ओरडू नको म्हटल्यावर काय करता? मी सिस्टरच्या अंगणातून, तिची कुंडी तुडवत, भिंत ओलांडून आत आले. या वयात! टेबलाशी गेले आणि स्टुलाचे दोन पाय गच्च धरले. माझ्या नाकासमोर यांचे पाय, पायांत चपला. चपला घालून स्टुलावर! तोंडाला आलेलं सगळं बोलून घेतलं. लहान मूल तरी बरं, त्याला एक धपाटा घालता येतो. जेवायचं टेबल आहे ते, त्याच्यावर हे पाय? आणि वर काय आहे तुमचं, सोन्याचा हंडा टांगून ठेवलाय का?

यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वरूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दांड्यानं माझा हात दिसतो गं सगळ्यांना."

मी स्टुलाचे पाय आणखी घट्ट धरले.

"लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला मी," हे म्हणाले. "डोळे मिटून बसायची माणसं माझ्यासमोर. आता त्यांनी भिंतीवरून बघायचं, की हा साधी फांदी पकडायला धडपडतोय. मला नाही सहन होत."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चिरकतो. "हलतो तर हलतो. मला ठाऊक नाही होय?"

"तुला ठाऊक आहे?"

"चहाचा कप अर्धा भरते तो काय उगाच?"

यांनी आता कुठे माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं दुधाची काटकसर चाललीय."

"काटकसर! दोन वर्षं मी तुमच्यासाठी दोनदा उठतेय आणि तुम्हाला काटकसर वाटली?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

वर पानं हलत होती, खाली मी स्टुलाचे पाय धरून उभी. माझे हात भरून आले होते. आणि यांचा एक पाय, सांगते तुम्हाला, मला स्पष्ट दिसला, हळूच मागे सरकायला लागला. टाच स्टुलाच्या कडेशी आली. फांदीकडे नीट बघायचं होतं ना!

मी टाच पकडली. "कुठे निघालात?"

हे थबकले. खाली बघितलं, मागे बघितलं.

"अहो," मी म्हटलं, आता आवाज खाली आणून, "तुम्हाला मागे सरकल्याशिवाय काम करता येत नाही. आजवर आलं नाही, पुढेही येणार नाही. मग जिथे मागे सरकायला जागा आहे तिथे उभे राहा ना. अंगणभर सरका. फाटकापर्यंत सरका. कोण अडवतंय?"

यांनी करवत माझ्या हातात दिली, माझ्या खांद्याचा आधार घेतला, स्टुलावरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर उतरले. चपला झटकल्या. आणि झाडाकडे बघत अगदी सहज विचारलं, "तो दांडा पिवळाच होता ना? दुसरा रंग नव्हता त्याच्याकडे?"

मी त्याच पावली दुकानात गेले. एकटी. दुकानदार म्हणाला, "काकू, बादल्या खाली उतरवू का?" मी म्हटलं, "तुम्ही तोंड आवरा, बादल्या आपोआप शांत राहतील." पिवळाच आणला. त्याच्याकडे दुसरा रंग नव्हता.

छाटणी सुट्टीच्या दिवशी सकाळी ठरली. लेक सलून उघडायच्या आधी बघायला आली आणि मला स्कूटरचं हेल्मेट देऊन गेली. "आई, तू बाबांच्या जवळ उभी राहणारच, मला माहितीय. निदान हे घाल." हेल्मेट घालून मी कशी दिसत होते ते विचारू नका. हे मात्र पहिल्यांदा हसले, दुकानातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हणून काढलं नाही.

सिस्टर आपल्या अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हणजे, एक उशीचा अभ्रा किती वेळ वाळत घालतात? आम्हाला न्याहाळत घालत होती.

यांनी दांडा लांब केला, खटका लावला, वर नेला. आणि व्हायचं तेच झालं. पातं फांदीच्या आजूबाजूला नाचायला लागलं. इकडे पान तुटलं, तिकडे डहाळी खुडली, एक कच्चं फळ माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटलं. फांदी काही सापडेना. यांच्या कानशिलावर घाम. मी बघितलं, हे आता दांडा खाली घेणार आणि पुन्हा कधी वर करणार नाहीत. मी पुढे झाले आणि यांच्या हातांच्या खाली दांडा धरला. दोन हात त्यांचे, दोन माझे.

"तुला कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना बोजड आहे? मग!"

टोक संथ झालं. अगदी थांबलं नाही, पण संथ झालं. पात्याच्या बुडाशी एक आकडा असतो, तो फांदीवर जाऊन बसला, आणि बसला तशी दांड्याची थरथर गेली. एकदम गेली. यांनी हळूच ओढून बघितलं. पातं जागचं हललं नाही.

"अगं," हे म्हणाले, आणि आवाज असा की जणू लॉटरी लागली, "हा आकडा म्हणजे डावा हात आहे! धरून ठेवतोय बघ! डोकं धरून ठेवतोय! अरे, आधी कुणी सांगायचं नाही का?"

"कुणी सांगायला तुम्ही ऐकता होय?"

"सोड आता. सोड, सोड. मला जमतं."

मी सोडलं. यांनी ओढलं, करवत खर्र खर्र बोलली, भुसा उडाला, आणि फांदी कडकन तुटून आमच्या बाजूला पडली. फांदी खाली येते न येते तोच हे मागे सरकले. मान वाकडी. एक डोळा बारीक. मग आणखी मागे. आणखी मागे. थेट माझ्या पायावर! मी किंचाळले, पण यांचं लक्ष कुठाय? मी पाय चोळत होते आणि हे झाडाकडे बघत होते, पूर्वी जसे सलूनमध्ये बघायचे तसे. मी म्हटलं, दुखू दे पाय. आणखी एकदा तुडवला तरी चालेल.

मग काय, सकाळ नुसती करवतीची. सुरुवातीला आकडा बसवायला मी हात लावायची, मग हे "लाव" म्हणाले तरच लावायची, मग हे म्हणायचेच विसरले. प्रत्येक फांदीनंतर मागे. फाटकापर्यंत जाऊन आले. एकदा तर फाटक उघडून रस्त्यावरून बघून आले. "मान जरा खाली," हे मी ऐकलं, पण चिडवलं नाही. फांद्या आवरता आवरता कंबर मोडली होती, चिडवायला श्वास कुठला?

शेवटी दांडा भिंतीला टेकवून यांनी मोठ्यानं हाक मारली. "सिस्टर! मागून बघा. ठीक आहे?"

झाडाला आरसा कुठून दाखवणार? मागची बाजू तिला दिसत होती. तिनं तो उशीचा अभ्रा एकदाचा दोरीवर टाकला, कमरेवर हात ठेवून वर बघितलं, चांगलं निरखून. मला वाटलं, "छान" म्हणेल. सगळे तेच म्हणतात.

"भावोजी, खरं सांगू? वाकडं आहे. इकडची बाजू राहिलीय, आणि ती मधली फांदी बघा, खुंट सोडलाय केवढा."

कशाला बोलली ही! यांनी खिशाकडे हात नेला. नेला, पण आत घातला नाही. मग भिंतीवरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हात हलतो माझा, सिस्टर. म्हणून तसं झालं असेल."

"हात हलतो ते मला माहितीय हो," सिस्टर म्हणाली. "पण वाकडं हातामुळे नाही झालेलं. तुम्ही सगळं तुमच्याच बाजूनं बघत होता. या इकडे, माझ्या अंगणातून बघा म्हणजे कळेल."

हे एवढंसं तोंड करून तिच्याकडे बघत राहिले. मग हसायलाच लागले. सलून सोडल्यापासून एकाही माणसानं यांच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं. सगळे आपले छान, छान! करवत उचलून, छाती पुढे काढून, फाटकातून तिच्या अंगणात गेले, आणि मला तिकडून दोघांचं भांडण ऐकू येत राहिलं. ही म्हणे जास्त काढा, हे म्हणे बोडकं करू का, ही म्हणे माझे कपडे आहेत, हे म्हणे माझं झाड आहे. भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी अंगणातल्या त्या टेबलावर जरा बसले. ते आत न्यायचं राहूनच गेलं होतं.

परतले तेव्हा केसांत भुसा, कानात पान, आणि चेहऱ्यावर पैज जिंकल्यासारखं हसू. टेबलाशी बसले. उजवा हात टेबलावर, उघडा. दमल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त हलत होता. लपवला नाही.

मी चहा टाकला. सवयीनं यांचा कप अर्धा भरून आणला आणि समोर ठेवला.

यांनी कपात डोकावून बघितलं.

"हे काय?"

"चहा."

"सकाळपासून राबलोय मी. भरून आण."

मी उभी राहिले. "सांडेल ना."

"मग बशी कशाला दिली आहेस?"

मी आत गेले आणि कप काठोकाठ भरून आणला.